पुढचे प्रमाणपत्र कोणते घ्यावे?
व्यायाम-प्रशिक्षक भगिनी-बंधूंसाठी थोडा हिशेब, थोडा अनुभव

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या मंडळाच्या शनिवारच्या व्यायामवर्गाला एक काका नेमाने येत. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले, वय सत्तरीच्या घरात, उत्साह मात्र विशीतला. त्या दिवशी खुर्चीवरून उठण्या-बसण्याची तिसरी फेरी चालू असताना ते एकदम थांबले. कपाळावर दरदरून घाम आला, हात थरथरू लागले, आणि मी विचारले एक तर उत्तर भलतेच आले.

माझ्या घरच्या भिंतीवर तेव्हा एक मूळ प्रमाणपत्र आणि त्याच्या शेजारी तीन जास्तीची, अशी चार चौकटी लटकत होत्या. पण त्या क्षणी काय करायचे ते मला आठवेना. मूळ अभ्यासक्रमात मधुमेहावर काही पाने होती. ती मी परीक्षेपुरती वाचली होती. वर्गातल्याच एक निवृत्त परिचारिका पुढे आल्या, त्यांनी काकांना बसवले आणि एका लहान मुलाच्या हातातला ज्यूसचा डबा घेऊन त्यांना पाजला. पंधरा-वीस मिनिटांत काका ताळ्यावर आले. म्हणाले, "अहो, सकाळची साखरेची गोळी घेतली, आणि वर्गाला उशीर नको म्हणून नाश्ता तसाच ठेवला."

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या तीन जास्तीच्या प्रमाणपत्रांपैकी एक केटलबेलचे होते, एक सहा आठवड्यांत पोट सपाट करण्याचे होते, आणि तिसरे मी का घेतले होते ते मलाच सांगता येईना. नूतनीकरणाची तारीख जवळ आली होती आणि त्या कोर्सवर सवलत चालू होती, एवढेच त्याचे कारण. गंमत म्हणजे त्याचे गुण माझ्या संस्थेने धरलेही नाहीत. पैसे गेले, वेळ गेला, आणि ज्या दिवशी गरज पडली त्या दिवशी उपयोग शून्य.

आपल्या मंडळांतून हल्ली अनेक भगिनी, आणि काही बंधूही, झुंबा, योग, बॉलिवुड-नृत्य आणि व्यायामाचे वर्ग घेतात. कुणाची भारतातली पदवी इथे चालत नाही म्हणून, कुणाला मुलांच्या शाळेच्या वेळा सांभाळायच्या आहेत म्हणून, कुणाला मनापासून आवड आहे म्हणून. पहिले प्रमाणपत्र हाती पडल्यावर दोन-तीन वर्षांत प्रत्येकीपुढे प्रश्न येतो: आता पुढचे कोणते? माझ्या चुकीतून जे शिकले ते इथे मांडते आहे.

१. एकच शब्द, दोन अर्थ

अमेरिकेत दुसऱ्याचे केस कापायला राज्याचा परवाना लागतो, पण दुसऱ्याला व्यायाम शिकवायला लागत नाही. 'पर्सनल ट्रेनर' या कामासाठी कोणत्याही राज्याचा परवाना नाही. त्यामुळे या क्षेत्रात कुणीही उठावे आणि प्रमाणपत्र छापावे अशी स्थिती आहे. चांगले-वाईट ओळखण्याची एक मोठी खूण म्हणजे नॅशनल कमिशन फॉर सर्टिफाइंग एजन्सीज, म्हणजे एनसीसीए, या संस्थेची मान्यता. परीक्षा नीट रचली आहे का, निकाल निःपक्षपाती आहे का, हे ती तपासते. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन (स्थापना १९५४), नॅशनल स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग असोसिएशन (१९७८), अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइझ (१९८५) आणि नॅशनल अ‍ॅकॅडमी ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन (१९८७) या चार जुन्या संस्थांच्या पर्सनल ट्रेनर परीक्षांना ही मान्यता आहे.

आता गोंधळ कुठे होतो पाहा. मराठीत आपण सगळ्यालाच 'प्रमाणपत्र' म्हणतो. इंग्रजीत मात्र 'सर्टिफिकेशन' आणि 'सर्टिफिकेट' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याला मी 'पात्रतेचे' प्रमाणपत्र म्हणते. त्यासाठी देखरेखीखाली परीक्षा द्यावी लागते, ठराविक वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, आणि नियम मोडल्यास ते काढूनही घेतले जाते. दुसरे 'अभ्यासक्रम पुरा केल्याचे' प्रमाणपत्र. कोर्स केला, शेवटी घरबसल्या चाचणी दिली, कागद मिळाला.

दुसऱ्या प्रकारचे वाईट असते असे मुळीच नाही. निरंतर शिक्षणाचे बहुतेक कोर्स याच प्रकारचे असतात आणि त्यांत उत्तम ज्ञान मिळू शकते. पण जाहिरातीत 'स्पेशालिस्ट' हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो आणि हा फरक बारीक अक्षरांत. पैसे भरताना आपण दोहोंपैकी काय विकत घेतो आहोत हे आपल्याला माहीत हवे.

२. गुणांचे गणित

मूळ प्रमाणपत्र टिकवायचे तर निरंतर शिक्षणाचे गुण जमवावे लागतात. प्रत्येक संस्थेचे माप वेगळे, आणि इथेच आपली माणसे फसतात. अमेरिकन कौन्सिल आणि नॅशनल अ‍ॅकॅडमी या दोघांकडे दर दोन वर्षांनी २.० गुण लागतात. तिथे एक तास म्हणजे ०.१ गुण, म्हणजे एकूण २० तास. अमेरिकन कॉलेजकडे मुदत तीन वर्षांची आणि पर्सनल ट्रेनरला ४५ गुण. तिथे एक तास म्हणजे एक गुण. म्हणजे कोर्सच्या पत्रकावर '२ गुण' एवढेच छापलेले असेल तर एका संस्थेच्या हिशेबात ते दोन तास होतात आणि दुसरीच्या हिशेबात वीस! म्हणून गुण विचारू नका, तास विचारा. आणि तुमच्या संस्थेच्या मान्य यादीत तो कोर्स आहे का, हे कोर्स विकणाऱ्याला न विचारता तुमच्या संस्थेलाच विचारा. उत्तर लेखी घ्या. मी हे केले नाही म्हणून माझे पैसे बुडाले.

याशिवाय सीपीआर आणि एईडीचे, म्हणजे हृदय बंद पडल्यास करायच्या उपचारांचे, प्रशिक्षण चालू असावे लागते. अमेरिकन हार्ट असोसिएशन किंवा रेड क्रॉसचे हे प्रमाणपत्र दोन वर्षे चालते. पुतळ्यावर हात ठेवून शिकवणारा वर्गच घ्या. नुसता व्हिडिओ पाहून छाती दाबता येत नाही.

यादीबाहेरचे शिक्षणही कधीकधी अर्ज करून मान्य करून घेता येते. कम्युनिटी कॉलेजातला शरीररचनेचा एक विषय हा त्यातला उत्तम पर्याय. तो कोणत्याही कंपनीच्या मालकीचा नसतो आणि पुढे पदवीकडे जायचे झाले तर बऱ्याचदा कामी येतो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला स्थापन केलेल्या कैवल्यधामसारख्या ठिकाणी शिकून आलेल्यांनीही आपले अभ्यासक्रम-पत्रक आणि तासांची नोंद जपून ठेवावी; अर्ज करताना तेच मागतात. योगवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. योगा अलायन्स ही नोंदणी करणारी संस्था आहे. ती तुमच्या शाळेची आणि तासांची नोंद करते, परीक्षा घेऊन पात्रता ठरवत नाही.

३. समोर कोण उभे आहे?

हा या लेखाचा गाभा. पुढचे प्रमाणपत्र निवडताना पत्रके बाजूला ठेवा आणि एक कोरा कागद घ्या. गेल्या तीन महिन्यांत तुमच्या वर्गाला आलेल्या वीस जणांची यादी करा. नावापुढे वय आणि त्यांनी आपणहून सांगितलेली दुखणी लिहा. (हा कागद कुलुपात ठेवा, तो मंडळात चर्चेचा विषय नाही.) मी ही यादी केली तेव्हा वीसपैकी अकरा जण पन्नाशीच्या पुढचे निघाले. सहा जणांना मधुमेह, पाच जणांना रक्तदाब, चार जणींचे गुडघे, दोघींची हाडे ठिसूळ. पोट सपाट करायला आलेल्या तिघीच. आणि मी शिकत बसले होते केटलबेल!

हा केवळ माझ्या वर्गाचा योगायोग नाही. दक्षिण आशियाई लोकांत हृदयविकार आणि मधुमेह जास्त व तुलनेने लवकर दिसतात, हे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१८ साली आपल्या निवेदनात मांडले. अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई लोकांच्या हृदयाचा दीर्घकाळ मागोवा घेणारा एक अभ्यास २०१० पासून चालू आहे; त्याचे नावच योगायोगाने 'मसाला' आहे. मधुमेहाची चाचणी करण्यासाठी इतरांना वजन-उंचीचा निर्देशांक २५ धरतात, तर आशियाई वंशाच्या लोकांना २३ धरावा, अशी शिफारस अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ साली केली. म्हणजे आपल्या वर्गातली 'अगदी सडपातळ' वाटणारी वहिनीही धोक्याच्या रेषेजवळ असू शकते.

अशा माणसांना शिकवताना मूळ अभ्यासक्रमाचे काही ठोकताळे उलटतात. चार उदाहरणे देते.

पहिले, नाडीचे. २२० मधून वय वजा करून नाडीचे लक्ष्य काढायला आपण शिकतो. पण रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गोळी घेणाऱ्याची नाडी श्रम केले तरी फारशी चढतच नाही. लक्ष्य गाठायला लावाल तर माणूस दमून कोसळेल. तिथे बोलण्याची कसोटी वापरायची. व्यायाम करताना वाक्य बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, म्हणजे श्रम मध्यम. शब्दही फुटत नसेल तर थांबा.

दुसरे, साखरेचे. इन्शुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामाने फार खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळ ही खूण. मीटरवर ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम साखर होईल एवढे काही, म्हणजे साधारण अर्धा कप ज्यूस, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. मात्र माणूस शुद्धीवर नसेल किंवा त्याला गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नये, ९११ फिरवावा.

तिसरे, हाडांचे. हाडे ठिसूळ झालेल्या आजीला पुढे वाकून पायाचे अंगठे धरायला लावणे किंवा पोटाचे व्यायाम म्हणून वारंवार कण्याची कमान करायला लावणे घातक ठरू शकते; मणक्यांवर भार येतो. आपल्या सवयीची पश्चिमोत्तानासन वगैरे आसने इथे जपूनच.

चौथे, डोळ्यांचे. मधुमेहाने डोळ्यांचा पडदा बराच बिघडला असेल तर श्वास रोखून जड वजन उचलणे टाळायचे असते. हे मला माहीत नव्हते, आणि मी सगळ्यांना सरसकट डंबेल वाटत होते.

म्हणून माझे मत असे: मंडळात आणि आपल्या वस्तीत शिकवणाऱ्यांनी पुढचे शिक्षण ज्येष्ठांचा व्यायाम, मधुमेह-हृदयविकार असलेल्यांचा व्यायाम, किंवा पडण्यापासून बचाव, या तीन दिशांपैकी एका दिशेने घ्यावे. ज्येष्ठांच्या व्यायामाचे कोर्स बहुतेक सगळ्या मोठ्या संस्थांकडे आहेत आणि सुरुवातीला तेवढे पुरे. त्यापुढे अमेरिकन कौन्सिलचे मेडिकल एक्सरसाइझ स्पेशालिस्ट आणि नॅशनल स्ट्रेंथचे स्पेशल पॉप्युलेशन स्पेशालिस्ट ही पात्रतेची प्रमाणपत्रे आहेत. त्यांना परीक्षा आहे आणि शिक्षण-अनुभवाच्या पूर्वअटी आहेत. आधी त्या वाचून मगच पुस्तके मागवा. ज्यांना तरुण खेळाडूंबरोबर काम करायचे आहे त्यांच्यासाठी नॅशनल स्ट्रेंथचे सीएससीएस नावाजलेले आहे. त्याला कुठल्याही विषयाची पदवी चालते, पण २०३० पासून मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाचीच पदवी लागणार आहे. मनात असेल तर घोळत बसू नये.

एक वेगळी वाटही सांगते. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांसाठी सरकारच्या रोग-नियंत्रण केंद्राचा राष्ट्रीय मधुमेह-प्रतिबंध कार्यक्रम आहे. त्यामागचा २००२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मोठा बोलका आहे. आठवड्याला १५० मिनिटे हालचाल आणि ७ टक्के वजन कमी करण्याचे ध्येय ठेवलेल्या लोकांत मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले; मेटफॉर्मिन गोळीने ते ३१ टक्क्यांनी घटले होते. या कार्यक्रमाच्या 'लाइफस्टाइल कोच'ला वैद्यकीय पदवी लागत नाही, ठराविक प्रशिक्षण लागते. मराठीतून बोलणारा, भाकरी-वरण-भात-साबुदाणा समजणारा कोच आपल्या माणसांना किती उपयोगी पडेल, याचा विचार करा.

४. आपली लक्ष्मणरेषा

जास्तीचे प्रमाणपत्र म्हणजे जास्तीचा अधिकार नव्हे. निदान करणे, दुखण्यावर उपचार करणे, औषध कमी-जास्त करायला सांगणे हे आपले काम नाही. आजारासाठी आहार ठरवून देणेही नाही. अनेक राज्यांत त्यासाठी आहारतज्ज्ञाचा परवाना लागतो. भारतातून फिजिओथेरपीची पदवी घेऊन आलेल्या भगिनींनी विशेष जपावे. ज्ञान तुमच्याकडे भरपूर आहे, पण राज्याचा परवाना मिळेपर्यंत इथे 'फिजिकल थेरपिस्ट' म्हणवून घेता येत नाही.

मग नव्या शिक्षणाचा उपयोग काय? प्रश्न विचारता येतात. वर्गाआधी प्रत्येकाकडून आरोग्य-प्रश्नावली भरून घ्यायची आणि शंका वाटल्यास 'आधी डॉक्टरांना विचारून या' असे ठामपणे सांगायचे. भारतातून आलेल्या आई-बाबांच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे. पाहुण्यांचे विमे जुन्या दुखण्यांना पुष्कळदा लागू होत नाहीत, आणि वर्गातल्या एका पडण्याचे बिल मुला-सुनेला वर्षानुवर्षे फेडावे लागू शकते. तुमच्या स्वतःच्या जबाबदारीच्या विम्यात ज्येष्ठांचे आणि आजारी व्यक्तींचे वर्ग धरलेले आहेत का, हेही विमा कंपनीकडून लेखी घ्या.

५. पैशाचा हिशेब

फी ही किमतीचा एक भाग. पुस्तके, परीक्षा, नापास झाल्यास पुन्हा परीक्षा, दर दोन-तीन वर्षांचे नूतनीकरण, हे सगळे मांडा. समजा एकूण खर्च ६०० डॉलर झाला आणि नव्या शिक्षणामुळे प्रत्येक वर्गामागे १० डॉलर जास्त मिळणार असतील, तर ६० वर्गांनंतर खर्च निघेल. आठवड्याला एकच वर्ग असेल तर वर्ष उलटले. वाईट नाही, पण असे तीन कोर्स एकदम घेणे शहाणपणाचे नाही.

कराचे नियम असे. तुम्ही स्वतःचा व्यवसाय म्हणून शिकवत असाल आणि शेड्यूल सी भरत असाल, तर चालू कामातले कौशल्य टिकवण्या-वाढवण्याच्या शिक्षणाचा खर्च वजा करता येतो. ज्याने नव्याच व्यवसायाची पात्रता मिळते त्या शिक्षणाचा असा करता येत नाही. जिममध्ये पगारावर असाल तर २०१८ पासून संघीय करात ही वजावट नाही; म्हणून मालकाकडूनच खर्च मागा. पुष्कळ जिम देतात, पण मागितल्यावर. कम्युनिटी कॉलेजसारख्या पात्र संस्थेत विषय घेतलात तर लाइफटाइम लर्निंग क्रेडिट मिळू शकते: १०,००० डॉलरपर्यंतच्या फीच्या २० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त २,००० डॉलर. त्याला उत्पन्नाची मर्यादा आहे.

आणि एक नवी गोष्ट. मुलांच्या कॉलेजसाठीच्या ५२९ खात्यातले पैसे आता, जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्यानुसार, एनसीसीएची मान्यता असलेल्या कार्यक्रमांच्या प्रमाणपत्रांसाठी आणि ती टिकवायला आवश्यक असलेल्या शिक्षणासाठीही वापरता येतात. मुलाचे कॉलेज झाले आणि खात्यात पैसे उरले असतील तर लाभार्थी म्हणून आईचे नाव घालता येते. राज्याच्या कराचे नियम वेगळे असू शकतात, म्हणून कर-सल्लागाराला विचारूनच पाऊल उचला.

एच-४ व्हिसावरच्या भगिनींसाठी दोन शब्द. शिकायला आणि परीक्षा द्यायला तुम्हाला आडकाठी नाही. पण कामाचे परवानापत्र हाती असल्याशिवाय पैसे घेऊन शिकवता येत नाही. 'पाचच डॉलर तर घेते' हेही कामच. परवानापत्र २०१५ पासून काही अटी पुऱ्या करणाऱ्यांनाच मिळते. म्हणून प्रमाणपत्राची मुदत सुरू करण्याआधी व्हिसाचे कॅलेंडर शेजारी ठेवा. दोन वर्षांची मुदत परवान्याची वाट पाहण्यात संपली, असे व्हायला नको.

६. पैसे भरण्याआधी पाच प्रश्न

१) माझ्या वीस जणांच्या यादीतल्या किमान पाच जणांना याचा थेट उपयोग आहे का?
२) हे पात्रतेचे प्रमाणपत्र आहे की कोर्स पुरा केल्याचे?
३) माझी मूळ संस्था याचे किती तास धरते? उत्तर लेखी आहे का?
४) यात प्रत्यक्ष माणसांबरोबर शिकणे आहे की केवळ पडद्यावर?
५) एकूण खर्च किती वर्गांत निघेल?

पाचांपैकी पहिल्याचे उत्तर 'नाही' असेल तर बाकीचे चार विचारूच नका.

काका पुढच्या वर्षी पुन्हा आले. वर्गाच्या दारातच मी विचारले, "काका, नाश्ता झाला का? मीटर आणलंय?" त्यांनी हसून खिशातून मीटर आणि खडीसाखरेची पुडी काढून दाखवली. म्हणाले, "तुम्ही आता डॉक्टरीणबाई झालात की काय?" मी म्हटले, "नाही काका, आता कुठे मास्तरीण झाले."

केटलबेलच्या चौकटीच्या जागी भिंतीवर आता मुलीने काढलेले चित्र आहे. ज्येष्ठांच्या कोर्सचा कागद मी चौकटीत घातलाच नाही. तो वर्गाच्या पिशवीत असतो, आरोग्य-प्रश्नावलीच्या गठ्ठ्यात, ज्यूसच्या दोन डब्यांशेजारी.